अडीच वाजता आलेली बस

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले, की युरोपातल्या भाषा शिकताना इंग्रजीपेक्षा आपली मराठीच जास्त कामाला येते. त्यावर इतकी पत्रं आली, की संपादक म्हणाले, या वेळचं सदर पत्रांनाच देऊन टाका. नव्या वाचकांसाठी सांगते, मी भाषाशास्त्रज्ञ नाही. 1993 ते 2020 अशी सत्तावीस वर्षं मी मराठी माणसांच्या सहली घेऊन युरोपात फिरले. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, बाकीच्या भाषा बसचालकांनी, हॉटेलांच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी आणि सीमेवरच्या पोलिसांनी शिकवल्या. त्यामुळे माझं व्याकरण ठिकठिकाणी उसवलेलं आहे. पण कुठल्याही देशात अडतीस माणसांना सकाळी सहा वाजता गरम पाणी मिळवून देऊ शकते.

प्रश्न : ताई, मी सांगलीची, वय 24, परिचारिका आहे. स्टुटगार्टजवळच्या एका इस्पितळात काम मिळेल अशी आशा आहे, त्यासाठी जर्मनची बी-2 परीक्षा द्यायची आहे. लेखीत मला चांगले गुण मिळतात, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. डेर, डी, दास कसे लक्षात ठेवू? आणि मनात आधी इंग्रजी वाक्य करते, मग जर्मन. हे बरोबर आहे का?

शेवटच्या वाक्यातच दुखणं आहे. इंग्रजीचं स्टेशन मध्ये घेऊ नका.

मीही तेच करायचे, आणि त्याची किंमत अडतीस माणसांनी मोजली. माझी पहिलीच सहल, मे 1993, गाव ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक, तिथेही जर्मनच बोलतात. चालक तिथलाच, टिरोलचा, मिशा तलवारीसारख्या. सोनेरी छपराच्या त्या घराजवळ त्यानं आम्हाला उतरवलं आणि म्हणाला, ‘हाल्प द्राय’. हाल्प म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. मी इंग्रजी मनानं ‘हाफ पास्ट थ्री’ असं जुळवलं आणि ऐटीत जाहीर केलं, ‘साडेतीनला इथेच जमायचं!’ बस अडीचला आली. माझी माणसं साडेतीनला आली. मधल्या तासात चालकाच्या टॅकोग्राफची, म्हणजे त्याचे कामाचे तास नोंदणाऱ्या यंत्राची, तबकडी फिरत होती आणि त्याच्या मिशा वर चढत होत्या. पुढचा मुक्काम दूर होता, चालकानं सलग किती तास गाडी हाकायची याला तिथे कायद्याचं बंधन, जेवण रात्री दहाला. एक काकू तर पुढे बारा वर्षं भेटल्या की म्हणायच्या, ‘काय गं, आज साडेतीन की अडीच?’

‘हाल्प द्राय’ म्हणजे ‘तिसऱ्यातला अर्धा’. दोन तास पुरे झाले, तिसरा अर्धा झाला. हे मला त्या दिवशी जर्मनांचं खूळ वाटलं. पुण्याला परतल्यावर माझ्या जुन्या सरांना हा किस्सा सांगितला, तर ते हसले आणि म्हणाले, ‘अगं, तुझा अडीच कुठून आला?’ अडीच आला संस्कृत ‘अर्धतृतीय’पासून. तिसरा अर्धा! प्राकृतात त्याचा ‘अड्ढाइज्ज’ झाला आणि आपल्या तोंडात अडीच. दीडही तसाच, ‘द्व्यर्ध’, म्हणजे दुसरा अर्धा. जर्मनमध्ये दीडला ‘आंडर्टहाल्प’ म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ दुसरा अर्धा. साडेतीनमधला ‘साडे’ मात्र ‘सार्ध’, म्हणजे अर्ध्यासकट. दोन्ही तऱ्हा आपल्या घरात होत्या, फक्त मी कधी खणातून काढून पाहिल्या नव्हत्या.

तर सांगलीकर, तुमच्या घरात काय काय आहे ते बघा. जर्मन माणूस एकवीसला ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’ म्हणतो, एक आणि वीस. आपण एकवीस म्हणतो, एक आधी. (2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता, आठवतंय? जर्मन मुलांनाही दूरध्वनीचा आकडा उतरवून घेताना असाच गोंधळ सोसावा लागतो.) ‘मला माहीत आहे, की तो उद्या पुण्याला येतो’ हे वाक्य घ्या. जर्मनमध्ये, ‘इश व्हाइस, दास एर मॉर्गन नाख पूने कॉम्ट’. ‘की’च्या पुढचं बोटानं मोजा. एर तो, मॉर्गन उद्या, नाख पूने पुण्याला, कॉम्ट येतो. क्रियापद शेवटी, शब्दाला शब्द लागतो. इंग्रजीतून गेलात तर ‘कॉम्ट’ हमखास मधे घुसेल आणि परीक्षक लाल पेन काढेल.

तुमच्या कामात तर हे रोजचं आहे. जर्मन रोगी ‘मी थंड आहे’ म्हणत नाही, ‘मीर इस्ट काल्ट’ म्हणतो. मीर म्हणजे मला. मला थंडी वाजते. ‘मीर इस्ट श्लेश्ट’, मला कसंतरी होतंय. ‘मीर इस्ट श्विंडलिश’, मला चक्कर येतेय. आणि तुम्ही विचारणार, ‘व्हो टूट एस ईनन व्हे?’ कुठे दुखतंय तुम्हाला? ‘ईनन’ म्हणजे तुम्हाला. हा ‘मला’, ‘तुम्हाला’ इंग्रजीत हरवलेला आहे. आपल्या आजीच्या कण्हण्यात तो शाबूत आहे.

उच्चारातही एक ठेवा आहे. जर्मन दहा म्हणजे ‘त्सेन’, वेळ म्हणजे ‘त्साइट’. हा त्स म्हणजे आपला चोरातला, चमच्यातला, चाकातला च. ‘चिमणी’तला नव्हे. माझ्याबरोबरच्या एका दिल्लीकर सहव्यवस्थापकाला तो सात वर्षांत आला नाही.

आता डेर, डी, दास, म्हणजे नामाआधी लागणारे जर्मनचे तो, ती, ते. चमचा डेर, काटा डी, सुरी दास. एकाच ताटाशेजारी तीन लिंगं, आणि तर्क शून्य. आपल्याकडे चमचा तो, काटा तो, सुरी ती. चमच्यापुरतं जमलं, पुढे नाही. म्हणजे मराठीचं लिंग जर्मनवर चिकटवता येणार नाही, पण सवय उसनी घेता येते. ‘बस’ मराठीत आली तेव्हा ती ‘ती’ झाली, ‘टेबल’ ‘ते’ झालं, ‘फोन’ ‘तो’. कोणी सभा घेतली नव्हती. ऐकून ऐकून शब्दाला त्याचं लिंग चिकटलं. तुम्हीही ‘गाबेल’ असं कधी म्हणूच नका, ‘डी गाबेल’ हाच एक शब्द समजा. वहीत पाठ करण्यापेक्षा जेवायला वाढताना मोठ्यानं म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

तोंड उघडण्यासाठी एक उपाय सांगते, मी अनेकांवर करून पाहिलेला. आईला रोज रात्री वीस मिनिटं रुग्ण करा. आईनं मराठीत कण्हायचं, तुम्ही जर्मनमध्ये विचारायचं, उशी सरकवायची, रक्तदाबाचा पट्टा बांधायचा. हात कामात असले की जीभ लाजत नाही. ‘मोमेंट, बिट्टं’ (एक मिनिट हं) आणि ‘नोख आइनमाल, लांगझाम, बिट्टं’ (पुन्हा एकदा, सावकाश) ही दोन वाक्यं झोपेतही यायला हवीत. आणि स्टुटगार्टकडे उतरल्यावर दचकू नका. तिकडचे लोक श्वाबिश बोलतात, ‘इस्ट’चं ‘इश’ करतात, घराला लाडानं ‘हॉइस्ले’ म्हणतात. पुस्तकातून पुणेरी शिकून एकदम मालवणात उतरल्यासारखं होईल. पंधरवड्यात कान बसतो.

प्रश्न : मी वाईचा निवृत्त संस्कृत शिक्षक. युरोपातल्या साऱ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या, हे आपण स्पष्ट का लिहीत नाही?

गुरुजी, तसं नाही म्हणून लिहीत नाही. संस्कृत त्यांची आई नव्हे, बहीण. वयानं आणि विद्येनं मोठी बहीण म्हणा हवं तर.

पुरावा संस्कृतातच पडलेला आहे. आपण ‘म्हैस’ म्हणतो, पण अनेकवचनात ‘म्हशी’. पुढे ई आली, तिनं स चा श केला. तसंच फार पूर्वी संस्कृतच्या पूर्वजात क च्या पुढे ए आला की क चा च होई. लॅटिनमध्ये ‘आणि’ला ‘क्वे’ म्हणत, त्यात तो जुना ए अजून बसलेला आहे. संस्कृतात तोच शब्द ‘च’. पुढे संस्कृतात त्या ए चा अ झाला, पण क चा च करून गेला. गोठ्यातून म्हैस गेली तरी मातीत खूर उमटलेले राहतात, तसं. जर लॅटिन संस्कृतातून निघाली असती, तर तिच्याकडे हा ए आणि हा क परत आले कुठून? दोघी एका तिसरीच्या लेकी. 2 फेब्रुवारी 1786 ला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स हेच म्हणाले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचा उगम एकच असावा आणि तो कदाचित आता उरलेला नाही.

पण जोन्ससाहेबांच्या दोनशे वर्षं आधी ही गोष्ट गोव्यात लक्षात आली होती, ती मात्र कोणी फारशी सांगत नाही. ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स 1583 मध्ये गोव्याहून आपल्या भावाला लिहितात, की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी आपल्या किनाऱ्यावर होता, 1588 मध्ये गोव्यातच वारला. त्यानं घरी लिहिलं, की यांचा देव तो आमचा दीओ, सर्प तो सेर्पे, सप्त, अष्ट, नव ते सेत्ते, ओत्तो, नोव्हे. मसाल्याचा भाव बघायला आलेला माणूस, आणि नजर काय तीक्ष्ण!

तुम्हाला खरा आनंद मिळेल तो लिथुआनियात. त्या भाषेनं जुनी चीजवस्तू फार जपली आहे. मुलगा ‘सूनुस’, आग ‘उग्निस’, मेंढी ‘अविस’. विल्निउसला आमच्या स्थानिक मार्गदर्शक बाईंनी एक म्हण ऐकवली होती, ‘दियेवास दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस’. देवानं दात दिले, तो भाकरही देईल. संस्कृतात करून पाहा, देवः अददात् दतः, देवः दास्यति धानाः. मी बसमध्ये तिचा अर्थ सांगितला, तर मागच्या बाकावरून एक आजी म्हणाल्या, ‘चोच दिली तो चारा देतो, तेच की!’ व्युत्पत्ती संपली, चहा निघाला.

आणखी एक, गुरुजी. सगळे युरोपीय एका घरातले नाहीत. फिनिश, एस्टोनियन आणि हंगेरियन वेगळ्या कुळातल्या. बास्कचं कोणाशीच गोत्र जुळत नाही. माल्टातली भाषा अरबीच्या घरची, लिपी रोमन. तरी मौज बघा, अडीच वाजले की फिन माणूस ‘पुओली कोल्मे’ म्हणतो, हंगेरियन ‘फेल हारोम’ म्हणतो. दोन्हीचा अर्थ ‘अर्धा तीन’च. रक्ताचं नातं नाही, शेजारानं लागलेली सवय. आपण कानडीकडून अण्णा आणि अक्का घेतले, त्यातला प्रकार.

प्रश्न : हल्ली इंग्रजी सगळीकडे चालतं, मग हा खटाटोप कशाला? (एक वाचक, बोरिवली)

चालतं. संग्रहालयात, विमानतळावर, तारांकित हॉटेलात चालतं. रात्री साडेअकराला बंद झालेल्या स्वयंपाकघराचं दार उघडायला चालत नाही.

प्रश्न : माझं वय 61, राहणार नाशिक. मुलीचं बाळंतपण करायला लिस्बनला तीन-चार महिने जायचं आहे. जावई म्हणतात, भाषेची काळजी नको. पण दुकानात मुक्यासारखं उभं राहायला मला आवडणार नाही. या वयात पोर्तुगीज जमेल का?

तुमच्या स्वयंपाकघरात अर्धी आली आहे, काकू. ओट्यापाशी उभ्या राहून मोजा. पाव, बटाटा, कोबी, काजू, पपई, अननस. मोरीत बादली आणि साबण, अंगणात घमेलं, कपाटाला चावी, बाळाच्या झबल्याला फीत. पगार, लिलाव, नाताळ. हे सगळे गोवा-वसईच्या वाटेनं पोर्तुगीजांबरोबर आलेले शब्द. तिकडे ‘बताता’ म्हटलंत तर बटाटेच मिळतील, ‘शाव्ह’ म्हणजे चावी, ‘बाल्द’ म्हणजे बादली, ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. ‘पांव’ तर नाकातून म्हणा, अगदी गोव्याच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याची आठवण ठेवून. फक्त पेरू मागायला जाऊ नका. ‘पेरा’ म्हटलंत तर नासपती हातात ठेवतील. आपल्या पूर्वजांनी ते नाव भलत्याच फळाला दिलं.

पंचाईत ऐकण्याची आहे. पोर्तुगालचे लोक स्वर गिळतात. लिहिलेलं ‘तेलेफोने’, ऐकू येतं ‘त्लफोन’. पहिले पंधरा दिवस ही भाषा आहे की पोलिश, असं वाटतं. घाबरायचं नाही. एकच दुकान धरा, रोज एकाच वेळी जा, एकाच बाईकडून घ्या. ती बाई तुमची शाळा. मी हे लिस्बनच्या अल्फामा भागात केलं होतं, पाच दिवसांत ती मला कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायला लागली. (हो, पोर्तुगीज लोक कोथिंबीर भरपूर वापरतात, हा युरोपात दुर्मीळ गुण आहे.)

आभार मानताना तुम्ही ‘ओब्रिगादा’ म्हणायचं, जावयांनी ‘ओब्रिगादो’. बोलणारी बाई की पुरुष यावरून शब्द बदलतो. इंग्रजी शिकलेल्यांना हे लक्षात राहत नाही, पण तुम्ही जन्मभर ‘मी आले’ म्हणत आलात आणि काका ‘मी आलो’, तेव्हा तुम्हाला कोण शिकवणार!

शाकाहारी असाल तर नीट ऐका. ‘सें कार्न’, मांस नको, एवढ्यानं भागत नाही, कारण मासा म्हणजे मांस असं तिकडे कोणी धरत नाही आणि वाळवलेला कॉड मासा, बाकाल्याउ, तर त्यांचा प्राण आहे. ‘सें कार्न नें पेइश्श’ म्हणा. मांस नको, मासाही नको. कोबीच्या हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं ‘काल्दु व्हेर्द’ नावाचं सूप छान असतं, पण त्यावर सॉसेजची चकती तरंगत नाही ना, ते बघून घ्या.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवरच्या ॲपवर स्पॅनिश, फ्रेंच आणि इटालियन एकदम शिकतो आहे, 412 दिवसांची साखळी आहे. तिन्ही सारख्याच असल्यानं एकात तीन होतील ना?

साखळी 412 दिवसांची, आणि त्यात किती दिवस एखाद्या जिवंत माणसाशी बोललास? पत्रात ते लिहिलेलं नाही, म्हणून मी माझं उत्तर काढलं आहे.

एक भाषा पक्की कर, मग तिच्या बहिणी स्वस्तात येतात. एकदम तिघींना घरात आणलंस तर तिघी भांडतील आणि तू उपाशी राहशील. मी जर्मनवर डच शिकले ती तीन सहलींत, कारण जर्मन ‘व्हासर’, ‘आप्फेल’, ‘माखन’ समोर डच ‘वातर’, ‘अपेल’, ‘माकन’ ठेवलं की सांधा दिसतो. जर्मनच्या दक्षिणेकडच्या बोलींत दीड हजार वर्षांपूर्वी त चा त्स-स, प चा प्फ-फ, क चा ख झाला, डच आणि इंग्रजी तो बदल न होता राहिल्या. एकदा हे कळलं की शब्द पाठ करायचे नसतात, ओळखायचे असतात.

तुझ्या तिघींचं गमक मी तुला मराठी पोराला समजेल असं सांगते. इटालियन म्हणजे लॅटिनचं प्राकृत. संस्कृत सप्तचं प्राकृतात सत्त झालं, लॅटिन सेप्तेमचं इटालियनमध्ये सेत्ते. भक्तचं भत्त आणि मग आपला भात, तसं लॅटिन लाक्तेमचं लात्ते, म्हणजे दूध. जोडाक्षर उच्चारायचा कंटाळा दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच. आता हे क्त जिथे जिथे होतं तिथे प्रत्येक बहिणीनं आपापला मार्ग काढला. रात्र इटालियनमध्ये नोत्ते, स्पॅनिशमध्ये नोचे, पोर्तुगीजमध्ये नोइत, फ्रेंचमध्ये न्युई, रोमानियनमध्ये न्वाप्ते. दूध लात्ते, लेचे, लेइत, ले, लाप्ते. आठ ओत्तो, ओचो, ओइतु, युइत, ओप्त. दोन शब्द माहीत असले की तिसरा तू स्वतः करू शकतोस. नाशिकच्या काकूंना वर सांगितलेली चावी घे. लॅटिन क्लाविस, पोर्तुगीज शाव्ह, स्पॅनिश याव्हे, इटालियन क्याव्हे, फ्रेंच क्ले. पाच भाषांची कुलपं, किल्ली एक, आणि ती तुझ्या आजीच्या कमरेलाही होती.

पण हे वाचायला. कानाला फ्रेंच वेगळीच. पाण्याला लॅटिनमध्ये आक्वा, इटालियनमध्ये आक्वा, स्पॅनिशमध्ये आग्वा, आणि फ्रेंचमध्ये नुसता ‘ओ’. झिजून झिजून एवढाच उरला. म्हणून कागदावर सोपी दिसणारी फ्रेंच पॅरिसच्या बेकरीत तोंडघशी पाडते. तुला बोलायचं असेल, तर स्पॅनिश धर. पाच स्वर, सगळे आपल्याकडचे, लिहितात तसं वाचायचं, आणि ‘मे गुस्ता’ म्हणजे सरळ ‘मला आवडतं’.

आणि सारखेपणावर फार विसंबू नकोस. प्रागच्या चालकांकडून मी थोडी चेक उचलली होती. चेकमध्ये ताज्या पावाला ‘चेर्स्त्वी’ म्हणतात. क्राकूवला पोहोचल्यावर न्याहारीच्या वेळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत गेले आणि थाटात अडतीस जणांसाठी ‘चेर्स्त्वी’ पाव मागितला. आतल्या बाईनं दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. पोलिशमध्ये तोच शब्द म्हणजे शिळा. तिनं बिचारीनं शोधून शोधून कालच्या पावांची टोपली आणून दिली, वर ‘कबुतरांना का?’ असं काहीसं हातानं विचारलं. आपल्याकडे वेगळं काय? हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत छडी. त्यांच्याकडे राजीनामा म्हणजे तडजोड, आपल्याकडे खुर्ची सोडणं. बहिणींच्या घरात भांडी तीच असतात, पण कशात काय ठेवलंय ते विचारल्याशिवाय झाकण उघडू नये.

प्रश्न : एकही मराठी आवाज युरोपात सापडतो का? सहज कुतूहल. (एक वाचक, डोंबिवली)

ओस्लोला गेलात तर बागेत कान द्या. नॉर्वेजियनमध्ये लहान मुलाला लिहितात ‘बार्न’, पण र आणि न एकमेकांत विरघळून तिकडे स्पष्ट ऐकू येतो आपला ण. आया ‘बाण, बाण’ करत पोरांच्या मागे धावतात. स्वीडनमध्येही बहुतेक भागांत तसंच. आणि ओस्लोच्या आसपासच्या बोलीत एक जाड ल आहे, तो ऐकून माझ्या सहलीतले एक कीर्तनकारबुवा म्हणाले, ‘हा आपला ळ, थंडीनं जरा आखडलाय.’

प्रश्न : मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो. मिगच्या कामासाठी सत्तरच्या दशकात रशियन शिकलो होतो, रशियन तंत्रज्ञांशी रोज बोलायचो. चाळीस वर्षं एक शब्द तोंडातून गेला नाही. गेलेली भाषा परत येते का? खाली आठवून एक वाक्य लिहिलं आहे : या राबोताल ना झावोद. (मी कारखान्यात काम करायचो.)

काका, पत्राच्या शेवटचं ते वाक्य वाचून मी चहा बाजूला ठेवला. चाळीस वर्षांनी ‘राबोताल’ बरोबर लिहिता म्हणजे भाषा गेलेली नाही, माळ्यावर आहे.

माझी इटालियन अशीच चार वर्षं बंद होती. व्हेरोनाला परत गेले तेव्हा पहिला दिवस खुणांवर काढला. दुसऱ्या दिवशी चालकानं बस भलत्याच दारी लावली, मी चिडले, आणि चिडल्याबरोबर सगळी इटालियन एकदम खाली कोसळली, क्रियापदांसकट. शांतपणे आठवायला बसलं की शब्द लपतात, गरज पडली की धावत येतात. म्हणून शब्दकोश घेऊन बसू नका. तेव्हाच्या गोष्टी रशियनमध्ये मोठ्यानं सांगा, नातवाला सांगा, त्याला कळो न कळो. अडेल तिथे मराठी शब्द घाला आणि पुढे चला.

रशियनला मराठी कान चांगला लागतो, हे तुम्हाला तेव्हाही जाणवलं असेल. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ला ते ‘उ मिन्या येस्त क्नीगा’ म्हणतात, माझ्यापाशी आहे पुस्तक. इंग्रजीसारखं ‘हॅव’ शोधत बसायला लागत नाही. मला थंडी वाजते, ‘म्न्ये खोलदना’. तो आला, ती आली, ते आलं, ‘ऑन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो’. तिन्ही लिंगं आणि भूतकाळातला ल दोन्हीकडे. आपल्या एका च मध्ये दोन उच्चार लपलेले असतात, चोराचा आणि चिमणीचा. त्यांनी त्यासाठी दोन वेगळी अक्षरं ठेवली आहेत, एवढाच फरक. विभक्त्या त्यांच्या सहा, आपण शाळेत आठ घोकल्या.

त्या विभक्तीपाशीच तुमचं वाक्य अडलं आहे. ‘ना झावोद’ म्हणजे कारखान्याकडे, पहाटेच्या बसमधून निघालेला माणूस म्हणेल तसं. तुम्ही तर आत होतात. ‘या राबोताल ना झावोद्ये.’ शेवटचा ‘द्ये’ हलकेच म्हणा. पुढचं वाक्य लिहून पाठवा, तुमच्याबरोबरचे ते रशियन डब्यातलं लोणचं खायचे का, तेवढं त्यात येऊ द्या.